धडे फुकट, पण सोबत कोणाची?



आपल्या वेळी इंजिनिअरिंग करायचं तर खांडबारा सोडणं आलंच. आज आयआयटीचे प्राध्यापक मोबाइलवर शिकवतात. २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयम्'वर अभ्यासक्रम मोफत आहेत. शुल्क भरायचं ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचं. मीही नोकरीतलं बरंच नवं असंच शिकले.

पण एक हिशेब सांगते. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या मोफत कृत्रिम बुद्धिमत्ता वर्गाला जगभरातून सुमारे १,६०,००० जणांनी नावं नोंदवली. शेवटपर्यंत पोचले सुमारे २३,०००. म्हणजे सातांत एक. माझ्याजवळ पदवी होती, इंग्रजी होतं, अडलं तर विचारायला सहकारी होते. घरी मावची बोलणाऱ्या आपल्या मुलीला मराठीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. ती कोणाला विचारणार?

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे संगणकाचे छोटे धडे मराठी आवाजातही आहेत. थोडं बघायचं, थांबवायचं, स्वतः करून पाहायचं. एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात.

धडे आहेत, शेजारी बसणारं माणूस हवं. गणित अडलं की सर मधल्या सुट्टीत पुन्हा समजावत, आठवतं ना? तेवढंच करायचं आहे. शाळेने शनिवारी दुपारी संगणकाची खोली उघडी ठेवावी. पाच मुलांमागे आपल्यातल्या एकाने आठवड्याला एक तास द्यावा. जे गावात आहेत त्यांनी समोर बसून, लांबच्यांनी फोनवरून.

वही बाहेर टेबलावर ठेवली आहे. पहिलं नाव माझं आहे. खालच्या ओळी तुमच्या.