टायमिंगला हात लावण्याआधी

आज जुन्या बुलेटबद्दल बोलायचं आहे. जुनी म्हणजे बिडाच्या इंजिनाची, पॉइंटवर चालणारी, ३४६ सीसीची. इंदूरला माझं गॅरेज आहे, पण बेळगाव, बडोदा, हैदराबाद, नागपूर असे सगळीकडून फोन येतात आणि तक्रार जवळपास एकच असते. ‘गाडीचं काम करून घेतलं, आता स्लोला थांबत नाही. टायमिंग किती ठेवू?’

काम म्हणजे काय काय, ते आधी विचारून घेतो. हेड लेथवर घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं, फ्री-फ्लो सायलेन्सर, एअर फिल्टरची पेटी काढून शंकूच्या आकाराचा फिल्टर, आणि हौस जास्त असेल तर मोठा कार्बोरेटर. चार बदल एकाच आठवड्यात झाले की कशामुळे बिघडलं हे कुणालाच सांगता येत नाही. मग मिस्त्री काय करतो? पॉइंटची प्लेट थोडी फिरवतो. ती ॲडव्हान्सकडे नेली की आयडलिंग चढतं, इंजिन धरतं, गिऱ्हाईक खूश. आणि ज्याला हळू हळू ढुग-ढुग ठोका हवा असतो, त्याच्यासाठी प्लेट उलटी फिरवतात, म्हणजे रिटार्ड करतात.

या दोन्हींना माझा विरोध आहे. टायमिंग ही आयडलिंगची चावी नव्हे. पिस्टन वर येत असताना आग नेमकी कधी लावायची, एवढंच ते ठरवतं. ॲडव्हान्स केलेली गाडी स्टँडवर गोड चालते, पण घाटात डबल सीट तिसऱ्या गिअरमध्ये ओढताना आतून खडखड आवाज येतो. ते नॉकिंग. कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनात तर ते लवकर येतं, पिस्टन खराब होतो. शिवाय किक उलटी मारते. घोट्याला प्लास्टर घालून आलेली माणसं मी पाहिली आहेत. रिटार्डचा त्रास शांतपणे येतो. मिश्रण उशिरा पेटतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळत राहतं, हेड आणि पाइप तापतात. आणि ठोका फार हळू केला की ऑइल पंपही तितकाच हळू फिरतो. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडमध्ये खाली साधा बुश असतो. त्याला तेल कमी पडलं तर तो किती दिवस टिकणार? व्हिडिओत ऐकायला तो आवाज छान वाटतो, मान्य आहे. पण बिल येतं क्रँकचं.

एक उदाहरण सांगतो. मागे एक मुलगा वडिलांची बुलेट घेऊन आला. वडील नाहीत, गाडी तेवढी राहिलेली. हेड घासलेलं, सायलेन्सर आणि फिल्टर बदललेले. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. ‘काका, सिमरोलच्या घाटात आवाज करते आणि खाली उतरल्यावर सिग्नलला बंद पडते. शेवटच्या मिस्त्रीनं इंजिन पूर्ण खोलायला सांगितलंय.’ मी म्हटलं, खोलायचं का ते नंतर ठरवू. आधी गाडी थंड होऊ दे.

थंड गाडीवर पहिलं काम टॅपेट. हेड घासलं म्हणजे ते सिलिंडरवर थोडं खाली बसतं, पण पुशरॉडची लांबी तीच राहते. म्हणजे पुशरॉड घट्ट होतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. स्लोला कॉम्प्रेशन गळतं आणि गाडी लंगडते. कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला पिस्टन आणायचा, सिलिंडरच्या बाजूचं झाकण उघडायचं आणि पुशरॉड बोटांनी फिरवून पाहायचा. सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. या गाडीचा एक्झॉस्टचा पुशरॉड फिरतच नव्हता. त्याच वेळी डीकॉम्प्रेसरची केबलही बघा. हेड काढून बसवताना ती ताणली गेली तर तिथूनही दाब गळतो.

दुसरं, हवा. कार्बोरेटर आणि हेड यांच्या मधून इंजिन चोरून हवा खातं का? याची खूण सोपी आहे. रेस देऊन सोडा. आवाज वरच अडकून सावकाश खाली आला तर मिश्रण पातळ आहे, बहुतेक हवा शिरते आहे. आवाज आयडलिंगच्याही खाली बुडून मग सावरला तर पेट्रोल जास्त आहे. पुष्कळ लोक जोडावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारून बघतात. तापलेल्या सायलेन्सरजवळ ते करू नका. जोडावर बोटानं ग्रीस फासा. चाल सुधारली तर चोर सापडला. या गाडीत तसंच झालं. कार्बोरेटरचे नट इतके आवळले होते की त्याची फ्लँज धनुष्यासारखी वाकली होती. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती घासली, नवं पॅकिंग घातलं, नट बेतानं आवळले.

अलीकडे यात एक भर पडली आहे, ती म्हणजे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तोच जेट ठेवला तर मिश्रण आणखी पातळ पडतं. त्यावर फ्री-फ्लो आणि उघडा फिल्टर. सायलेन्सरमधून फटाके फुटणारच. (कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही.)

आता पॉइंट. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी गॅप, मग टायमिंग. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे टायमिंग आपोआप पुढे जातं. टायमिंग लावून मग गॅप केली तर सगळी मेहनत वाया. फीलर गेजनं ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा.

टायमिंग पिस्टन टोकाला पोचण्याआधी ०.८ मिमी, ॲडव्हान्स युनिट पूर्ण मागे असताना. क्रँकच्या हिशेबात हे साधारण ९-१० अंश होतात. प्लग काढून टॉप गिअरमध्ये मागचं चाक हातानं फिरवा. स्ट्रोक कॉम्प्रेशनचाच हवा, एक्झॉस्टचा नको. प्लगच्या भोकातून तार घालून मोजत असाल तर ती तिरपी बसून माप चुकवते, एवढं लक्षात ठेवा. पिस्टन आधी बराच खाली न्या आणि पुढच्या दिशेनेच ०.८ वर आणा, म्हणजे टायमिंगच्या गिअरांमधली ढिलाई एका बाजूला राहते.

पॉइंट नेमका कधी उघडला, हे कळायला या गाडीवर फुकटचं मीटर आहे, हेडलाइटच्या वरचा अँमीटर. चावी चालू करा. पॉइंट मिटलेला असताना काटा वजाकडे झुकतो, उघडला की मध्यावर परत येतो. तो क्षण आणि ०.८ मिमी एकत्र आले की प्लेट आवळा. चावी उगाच चालू ठेवू नका, कॉइल तापते.

त्या मुलाच्या गाडीत टायमिंग कितीतरी पुढे नेलेलं सापडलं. हवेची गळती आणि घट्ट टॅपेट झाकायला तिघांनी मिळून ते पुढे ढकललं होतं. पण जागेवर आणल्यावरही आयडलिंग कधी ९०० तर कधी १३०० फिरायचं. ही खूण ॲडव्हान्स युनिटची. त्याची वजनं स्प्रिंगनं मागे यायला हवीत. एक स्प्रिंग ताणून ढिली झाली होती, त्यामुळे आयडलिंगलाच वजनं उघडायची, टायमिंग पुढे, वेग वाढायचा, आणि पुन्हा खाली. टायमिंग लाइट असेल तर हे डोळ्यांनी दिसतं. नसेल तर कॅम बोटानं फिरवून सोडा, तो चटकन परत आला पाहिजे. नवी स्प्रिंगांची जोडी आणि वजनांच्या खिळ्यांवर तेलाचा थेंब, एवढ्यावर ते काम झालं.

कार्बोरेटरला मी सगळ्यात शेवटी हात लावला. गरम गाडीवर, हवेचा स्क्रू आणि एक नंबर मोठा पायलट जेट. फिल्टरची मूळ पेटी त्याच्याकडे पडून होती, ती परत लावायला लावली. सायलेन्सर मात्र त्यानं बदलू दिला नाही. इंजिन खोलावं लागलं नाही. घाटात मी स्वतः मागे बसून गेलो, आवाज आला नाही. ‘काका, ठोका थोडा जलद झाला,’ एवढी एक कुरकूर त्यानं केली. मी आयडलिंग हजारावर ठेवून दिलं आणि स्क्रूला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं.

नवे पॉइंट घातले असतील तर तीन-चारशे किलोमीटरनंतर गॅप परत बघा. कॅमवर घासणारी टाच सुरुवातीला झिजते, गॅप कमी होते आणि टायमिंग हळूच मागे सरकतं. कॅमवर ग्रीसचा हलका हात दिला तर झीज कमी होते. पण ग्रीस पॉइंटच्या तोंडाला लागू देऊ नका, नाहीतर मिसिंग सुरू होईल आणि तुम्ही पुन्हा कार्बोरेटर खोलून बसाल.