मदत नको, जाब हवा

(युवती शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



एम.एस.डब्ल्यू. करताना आमच्या कानावर सारखा एक शब्द पडायचा, ‘गरजा’. आपद्ग्रस्तांच्या गरजा म्हणजे ताडपत्री, धान्य, औषधं. पुढे दहा वर्षं पूरग्रस्त वस्त्यांमध्ये मीही याद्याच केल्या. यादीत नाव नवऱ्याचं, आणि बाई कुठं? ‘कुटुंबातील माणसे’ या रकान्यातल्या आकड्यात. गरज विचारायची, जाब मात्र कुणी कुणाला विचारायचा नाही, ही सवय माझ्याही अंगात मुरली होती.

म्हणून आज वानुआतूबद्दल बोलणार आहे. पॅसिफिक महासागरातला हा देश ऐंशीएक बेटांचा आणि जेमतेम तीन लाख माणसांचा. मार्च २०१५ मध्ये ‘पाम’ वादळानं तो झोडपून काढला. ज्या धुरानं पृथ्वी तापतेय, त्यात या लोकांचा वाटा नावापुरता. वादळ मात्र त्यांच्या दारात.

२०१९ मध्ये तिथल्या साउथ पॅसिफिक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या, वेगवेगळ्या बेटांवरच्या २७ मुलामुलींनी ठरवलं, हा प्रश्न थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. हवामान बिघडवणाऱ्या देशांवर कायद्यानं कोणती जबाबदारी येते? पण त्या न्यायालयात विद्यार्थ्यांना उभं राहता येत नाही. सल्ला मागायचा तर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मागायचा. मग या मुलांनी बेटांच्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतू सरकारनं मनावर घेतलं, आणि देशोदेशींची मनं वळवायला सुरुवात झाली. मोर्चाचा फोटो छापून येतो, पत्रव्यवहाराचा येत नाही. पण खरी चिकाटी तिथंच लागते, हे ग्रामपंचायतीत खेटे घातलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

मार्च २०२३ मध्ये ‘ज्युडी’ आणि ‘केविन’ ही दोन वादळं दोन दिवसांच्या अंतरानं वानुआतूवर आली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला आमसभेनं ठराव एकमतानं मंजूर केला. मांडणारे देश होते १३२!

डिसेंबर २०२४ मध्ये सुनावणी झाली. विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष, सॉलोमन बेटांची सिंथिया हौनिउही, न्यायाधीशांसमोर बोलली. आपल्या भारतानंही बाजू मांडली. श्रीमंत देशांची जुनी जबाबदारी मोठी, हे त्यातलं म्हणणं मला पटतं. पण आहेत त्या करारांपलीकडे नवी बंधनं न्यायालयानं घालू नयेत, हे नाही पटत. बुडणाऱ्यानं किती थांबायचं?

२३ जुलै २०२५ रोजी न्यायालयानं एकमतानं मत दिलं. हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते मोडलं तर भरपाईही द्यावी लागू शकते. आणि जमीन समुद्रानं गिळली म्हणून देशाचं देशपण आपोआप जात नाही. हे मत सल्ल्याचं आहे, बंधनकारक नाही. त्यानं उद्या कुणाचं घर उभं राहणार नाही. पण ‘मदत’ हा शब्द जाऊन ‘देणं’ हा शब्द आला.

आता मला खुपणारी गोष्ट. ‘पाम’नंतर वानुआतूत बायकांचं एक जाळं उभं राहिलं. त्याच्या बिस्लामा भाषेतल्या नावाचा अर्थ, ‘बायका एकत्र बोलतात’. वादळाची सूचना मोबाइलवरून वस्तीवस्तीत पोचवणं, आजीच्या वेळच्या खुणा हवामान खात्याच्या अंदाजाशी ताडून पाहणं, हे त्या करतात. आणि त्याच देशाच्या ५२ जणांच्या संसदेत २०२२ च्या निवडणुकीत बाई निवडून आली एक. तीही कित्येक वर्षांनी. म्हणजे वादळाची खबर द्यायला बायका, आणि पैसा कुठं जाणार हे ठरवायला पुरुष. तरुण नेतृत्वाचं कौतुक करताना हा हिशेबही मांडायला हवा. हेगला गेलेल्या मुली परतल्यावर गावच्या बैठकीत कुठं बसतात?

चहानंतर गटांत बसू. माझ्या जुन्या यादीचा एकेक कोरा कागद मी देणार आहे. रकाने तुम्ही पाडायचे.