जसपाल भट्टी : विनोदकार आणि निवेदक

सरकारी कचेरीतील लबाडीची थट्टा सरकारच्याच दूरदर्शनवरून व्हावी, आणि ती पाहताना कारकुनाने, ठेकेदाराने, प्राध्यापकाने स्वतःला ओळखून हसावे, असा प्रकार १९८९ साली ‘फ्लॉप शो’ या मालिकेने घडवून आणला. तिचे भाग अवघे दहा. परंतु जसपाल भट्टी यांचे नाव आजही प्रथम त्या दहा भागांमुळेच आठवते.

भट्टी यांचा जन्म १९५५ साली अमृतसरचा. चंदीगढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते विद्युत अभियांत्रिकी शिकले. तेथेच ‘नॉनसेन्स क्लब’ या नावाने त्यांनी मित्रांना जमवून रस्त्यावर प्रहसने सुरू केली. पुढे ‘ट्रिब्यून’ या दैनिकासाठी ते व्यंगचित्रे काढीत. या व्यंगचित्रकारीचे महत्त्व त्यांच्या चरित्रात सहसा एका ओळीत उरकले जाते. वास्तविक त्यांच्या दूरचित्रवाणीवरील कामाची किल्ली तिच्यातच आहे. व्यंगचित्राला जागा एका चौकटीची. दूरदर्शनच्या सकाळच्या प्रक्षेपणातील ‘उल्टा पुल्टा’ ही त्यांची छोटी सदरे याच काटकसरीने बांधलेली होती. एक प्रसंग, एक उलटा तर्क, की संपले.

‘फ्लॉप शो’मध्ये या चौकटीला घर मिळाले. पत्नी सविता भट्टी या निर्मात्या, आणि पडद्यावरही पत्नीच्याच भूमिकेत. विवेक शौक हे सहकारी. पगडी, दाढी आणि जराही न हसणारा चेहरा, अशा थाटात भट्टी आरंभी निवेदन करीत आणि ज्या वर्गाची खोड काढावयाची, त्यालाच तो भाग अर्पण करीत. विषय तरी कोणते? वैद्यकीय खर्चाची खोटी बिले, टेलिफोनची जोडणी, निष्फळ बैठका, संशोधक विद्यार्थ्याला घरगड्यासारखे राबविणारा मार्गदर्शक. मोठा खलनायक कोठेच नाही. लबाडाची भूमिका पुष्कळदा भट्टी स्वतःच करीत, आणि हा लबाड प्रेमळ, कुटुंबवत्सल, आपल्या शेजारच्या बिऱ्हाडात शोभावा असा असे. त्यामुळे प्रेक्षकाला दोष दुसऱ्यावर ढकलून मोकळे होता येत नसे. त्या काळी घरोघरी दूरदर्शनखेरीज वाहिनी नव्हती, हेही ध्यानात घ्यावयास हवे. सारा देश एकाच वेळी हसत होता.

पुढे ‘फुल टेन्शन’ मालिका झाली, १९९९ साली ‘माहौल ठीक है’ हा पंजाबी चित्रपट आला, हिंदी चित्रपटांत छोट्या भूमिका मिळाल्या. यात जुनी धार क्वचितच दिसते. ती टिकली रस्त्यावरच्या प्रहसनांत. २००९ साली त्यांनी ‘रिसेशन पार्टी’ या नावाचा लटका राजकीय पक्षही काढला.

२५ ऑक्टोबर २०१२ रोजी जालंधर जिल्ह्यात शाहकोटजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. नव्या चित्रपटाच्या प्रचारासाठी त्यांचा हा प्रवास चालला होता. विद्युत अभियंता म्हणून आयुष्य सुरू केलेल्या या माणसाच्या त्या चित्रपटाचे नाव ‘पॉवर कट’. तो दुसऱ्याच दिवशी प्रदर्शित झाला. २०१३ साली त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाले.