इंग्लंडमधील एका ग्रामीण डिस्ट्रिक्टची निवडणूक

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

इंग्लंडच्या कारभाराविषयी ऐकताना मराठी श्रोत्याची पहिली फसगत होते ती एका शब्दाने. 'डिस्ट्रिक्ट' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जिल्हा उभा राहतो. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषदेची भव्य इमारत आणि वीस-पंचवीस लाखांची लोकवस्ती. इंग्लंडमधील ग्रामीण डिस्ट्रिक्ट लोकसंख्येने आपल्या सर्वसाधारण तालुक्याएवढाही नसतो. आपल्या जिल्ह्याची जागा तेथे कौंटीने घेतलेली असते, आणि गावाची पॅरिशने. कौंटी, डिस्ट्रिक्ट आणि पॅरिश ही तीन नावे जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत यांच्या शेजारी ठेवली, तर पुढचे सारे समजण्यास सोपे जाते. मात्र हे साम्य फार ताणून चालणार नाही.

पूर्व इंग्लंडमध्ये, उत्तर समुद्राच्या बाजूला, सफोक नावाची कौंटी आहे. तिच्या मध्यभागी मिड सफोक हा डिस्ट्रिक्ट पसरला आहे. क्षेत्रफळ सुमारे ८७१ चौरस किलोमीटर. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या एक लाख दोन हजारांच्या थोडी वर. स्टोमार्केट, नीडहॅम मार्केट आणि आय ही तीन लहान गावे सोडली तर बाकी सारी खेडीच. चिकणमातीच्या या पठारावर गहू, जव आणि साखर-बीट पिकते. हे बीट गाळण्याचा कारखाना शेजारच्या बरी सेंट एडमंड्स येथे आहे. ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागातील मंडळींना हा तपशील परका वाटणार नाही. या डिस्ट्रिक्टची निवडणूक ४ मे २०२३ रोजी झाली आणि तिचा निकाल दूरवर पोहोचला. त्या निकालाकडे जाण्यापूर्वी ही परिषद मुळात करते काय, हे पाहिले पाहिजे.

शाळा, रस्ते, ग्रंथालये आणि वृद्ध-अपंगांची देखभाल ही कामे कौंटीकडे असतात. डिस्ट्रिक्टकडे घरोघरचा कचरा उचलणे, घरबांधणीचे परवाने, परिषदेच्या मालकीची भाड्याची घरे, अन्नपदार्थांची व सार्वजनिक आरोग्याची तपासणी आणि करवसुली ही कामे येतात. कर गोळा करते डिस्ट्रिक्ट, पण त्यातील मोठा वाटा कौंटीला, काही पोलिसांना आणि थोडा पॅरिशला जातो. लोकांच्या शिव्या वसूल करणाऱ्याला, पैसा मात्र दुसऱ्याला, अशी ही व्यवस्था आहे. पॅरिशकडे दफनभूमी, खेळाचे मैदान, गावाचा सभागृहवजा हॉल, काही ठिकाणी दिवाबत्ती. कामांची ही यादी किरकोळ वाटेल. पण गावालगतच्या शेतात पन्नास घरे उठणार की नाही, हा प्रश्न ज्या सभेत सुटतो, ती सभा गावकऱ्यांच्या दृष्टीने किरकोळ नसते.

इतिहासाकडे वळले तर एक गोष्ट आपल्याला सुखावणारी आढळते. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्यविषयक ठराव १८८२ चा आणि मुंबई इलाख्याचा लोकल बोर्डांचा कायदा १८८४ चा. त्या वेळी खुद्द इंग्लंडच्या ग्रामीण भागात कौंटीचा कारभार नेमलेले न्यायाधीश पाहत असत. निवडून आलेल्या कौंटी कौन्सिलांचा कायदा १८८८ मध्ये झाला, तर पॅरिश आणि ग्रामीण डिस्ट्रिक्ट परिषदांचा १८९४ मध्ये. आपल्या लोकल बोर्डांतील मतदानाचा हक्क मूठभरांपुरता होता आणि सरकारी अधिकाऱ्यांचा वरचष्मा होता, हे खरे. तरीही 'स्थानिक स्वराज्य इंग्रजांकडून तयार होऊन आले' ही समजूत खेड्यांपुरती तरी तपासून घ्यावयास हवी. १८९४ च्या त्या कायद्याची दुसरी थोरवी अशी की पॅरिश आणि डिस्ट्रिक्टच्या निवडणुकीत विवाहित स्त्रियांनाही मत देता येऊ लागले आणि स्त्रियांना उभे राहण्याची मुभा मिळाली. पार्लमेंटसाठी मतदान करावयास त्यांना १९१८ पर्यंत थांबावे लागले.

१ एप्रिल १९७४ रोजी सारी रचना बदलली. मिड सफोक त्याच दिवशी जन्मास आला. आय हे लहानसे नगर, स्टोमार्केटची नगरपरिषद, आणि गिपिंग, हार्टिसमिअर व थेडवास्ट्री हे तीन ग्रामीण डिस्ट्रिक्ट, अशा पाच संस्था मोडून ही एक परिषद करण्यात आली. पाच सभागृहे जाऊन एक राहिले. पुढे खर्च वाचवण्यासाठी या परिषदेने शेजारच्या बेबर डिस्ट्रिक्टशी अधिकारीवर्ग वाटून घेतला. दोन्ही परिषदा एकच करून टाकाव्यात का, यावर २०११ मध्ये लोकांचे मत घेण्यात आले. मिड सफोक 'होय' म्हणाला, बेबर 'नाही' म्हणाला, आणि विलीनीकरण राहिले. २०१७ मध्ये दोघांच्या कचेऱ्या इप्सविच शहरात गेल्या. इप्सविच या दोन्ही डिस्ट्रिक्टांच्या हद्दीबाहेर आहे! २०१९ मध्ये सदस्यसंख्याही ४० वरून ३४ वर आणण्यात आली. यातील प्रत्येक निर्णयामागे काही कारण होते. पण सरपणाच्या मोळीतून एकेक काटकी काढावी, तसा परिषद आणि गाव यांमधला बंध त्याने सैल होत गेला.

आता निवडणुकीची पद्धत. आपल्याकडे पंचायतींसाठी राज्य निवडणूक आयोग आहे. तेथे डिस्ट्रिक्टची निवडणूक घेणारा अधिकारी परिषदेनेच नेमलेला, बहुधा तिचा मुख्याधिकारीच असतो. ज्यांच्या हाताखाली वर्षभर काम करावयाचे त्यांचीच निवडणूक त्याने घ्यावयाची, हे ऐकून येथील कोणीही भुवया उंचावील. परंतु निवडणुकीच्या कामात तो परिषदेला जबाबदार नसतो, कायद्याला असतो. चूक झाली तर ती व्यक्तिशः त्याची. देशाचा निवडणूक आयोगही आहे, पण तो मार्गदर्शन करतो, नियम पाळले जातात की नाही हे पाहतो. मतपेट्या तो लावीत नाही.

उमेदवारी अर्जास पूर्वी दहा मतदारांच्या सह्या लागत. कोविडच्या काळापासून त्या दोनवर आणण्यात आल्या, एक सूचक आणि एक अनुमोदक. अनामत रक्कम नाही. राखीव जागाही नाहीत. स्त्रियांसाठी नाहीत, कोणत्याही समाजासाठी नाहीत. महाराष्ट्रात पन्नास टक्के जागांवर स्त्रिया बसतात हे सांगितले तर तेथील सदस्याला नवल वाटेल. खर्चाची मर्यादा मात्र कडक आहे. २०२३ च्या निवडणुकीत ती ८०६ पौंड अधिक दर मतदारामागे ७ पेन्स इतकी होती. अडीच हजार मतदारांचा प्रभाग धरला तर ९८१ पौंड. तेवढ्यात पत्रके छापावयाची आणि पायी दारोदार हिंडावयाचे. मोटारींच्या रांगा, कमानी, ध्वनिक्षेपक यांचे नावही नाही. मिड सफोकमध्ये सरासरी तीन हजार लोकवस्तीमागे एक सदस्य पडतो. आपल्या पंचायत समितीच्या गणापेक्षा हा प्रभाग कितीतरी लहान. त्यामुळे उमेदवार हा भित्तिपत्रकावरचा चेहरा राहत नाही, तो दाराशी उभा असतो आणि त्याला कचऱ्याच्या डब्याबद्दल उत्तर द्यावे लागते.

मतदार कोण, यात आपल्या जिव्हाळ्याचा एक मुद्दा आहे. राष्ट्रकुलातील देशांचे जे नागरिक तेथे कायदेशीररीत्या राहतात, त्यांना ब्रिटिश पारपत्र नसले तरी मत देता येते. म्हणजे पुण्याहून वा सांगलीहून तेथे नोकरीस गेलेली परिचारिका किंवा अभियंता, भारतीय नागरिक राहूनही, त्या गावचा सदस्य निवडू शकतो. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला असेल तर उभेही राहू शकतो.

मतदान गुरुवारी, सकाळी सात ते रात्री दहा. सुट्टी नसते. केंद्रे गावच्या हॉलमध्ये, शाळेत, चर्चमध्ये, क्वचित एखाद्या मद्यगृहातही असतात. यंत्र नाही, कागदी मतपत्रिका आणि दोरीला बांधलेली शिसपेन्सिल. नावापुढे फुली मारावयाची. दोन सदस्यांच्या प्रभागात दोन फुल्या. २०२३ पर्यंत ओळखपत्र लागत नसे. नाव आणि पत्ता सांगितला की मतपत्रिका हाती पडे. त्या वर्षीच्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये प्रथमच छायाचित्राचे ओळखपत्र सक्तीचे झाले. केंद्रावर येऊनही त्याअभावी मत न देताच परत गेलेल्यांची संख्या निवडणूक आयोगाने सुमारे १४,००० दिली. आपल्याकडे ओळखपत्राची सवय जुनी, म्हणून त्यावरून तेथे उठलेला वाद आपल्याला अतिशयोक्त वाटेल. पण ज्या देशात नागरिकाने घराबाहेर पडताना ओळखीचा कागद बाळगण्याची रीतच नाही, तेथे ते मोठे स्थित्यंतर होते.

इतके सोपे मतदान असूनही येणारे थोडेच. त्या दिवशी इंग्लंडभर सरासरी तिघांपैकी एकानेच मत दिले. या बाबतीत आपल्या ग्रामपंचायतींनी इंग्लंडकडून काही शिकावे असे नाही. समान मते पडली तर चिठ्ठी, हा नियम मात्र दोन्हीकडे सारखाच. २०१७ मध्ये नॉर्थंबरलंड कौंटीत ब्लाइथ येथील एका जागेवर दोघांना समान मते पडली, तेव्हा लांब-आखूड काड्या ओढून निर्णय झाला. हुजूर पक्षाच्या वाट्याला आखूड काडी आली, आणि ६७ पैकी ३३ जागांवर अडकून त्यांचे बहुमत एका काडीने हुकले.

मिड सफोककडे परत येऊ. हा भाग हुजूर पक्षाचा समजला जाई. २०१९ मध्ये ३४ पैकी १६ जागा त्या पक्षाकडे, १२ हरित पक्षाकडे, ५ उदारमतवाद्यांकडे आणि एक अपक्ष, अशी स्थिती होती. २०२३ मध्ये हरित पक्षाला २४ जागा मिळाल्या, हुजूर पक्षाला ६ आणि उदारमतवाद्यांना ४. ब्रिटनमधील एखाद्या परिषदेत हरित पक्षाला निर्विवाद बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ. देशभर त्या दिवशी हुजूर पक्षाविरुद्ध लाट होती आणि त्याने हजाराहून अधिक जागा गमावल्या. त्यामुळे हा तिचाच परिणाम, असे म्हणून अनेकांनी विषय संपवला. पण नुसत्या लाटेने हे घडले असते तर मुख्य विरोधी असलेल्या मजूर पक्षाला येथे काही तरी मिळावयास हवे होते. त्याला एकही जागा मिळाली नाही. शिवाय बारा जागा आधीच्या निवडणुकीतच हरित पक्षाने मिळवल्या होत्या. लहान प्रभाग, कमी खर्च, आणि दोन निवडणुकांच्या मधल्या चार वर्षांत पत्रक घेऊन पुन्हा पुन्हा दाराशी जाणारा माणूस, या तीन गोष्टींनी नव्या पक्षाला वाट मिळते. पुढे जुलै २०२४ मध्ये याच भागातील आय व आसपासची खेडी ज्यात येतात त्या वेव्हनी व्हॅली मतदारसंघातून हरित पक्षाचा खासदार पार्लमेंटमध्ये गेला.

सत्ता मिळाली, अधिकार किती? नॉरिचपासून टिलबरीपर्यंत उच्च दाबाची वीजवाहिनी उंच मनोऱ्यांवरून नेण्याची योजना २०२२ मध्ये पुढे आली. तिचा मार्ग मिड सफोकमधून जातो. समुद्रातील पवनचक्क्यांची वीज ही वाहिनी वाहून नेणार, म्हणजे हरित पक्षाच्या ध्येयाचेच काम. पण मनोरे मात्र त्यांच्याच मतदारांच्या शेतांत. पक्षाची यात झालेली अडचण उघड होती. मात्र राष्ट्रीय महत्त्वाच्या अशा योजनांना परवानगी देण्याचा अधिकार डिस्ट्रिक्टला नसून मंत्र्यांना असतो. परिषद आपले म्हणणे मांडू शकते, तेवढेच. ज्या परवान्यांसाठी लोक मत देतात त्यातले सर्वांत मोठे परवाने परिषदेच्या टेबलावर येतच नाहीत.

आणि आता परिषदेच्या अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहिला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढून कौंटी आणि डिस्ट्रिक्ट ही दुहेरी रचना संपवावी, त्याऐवजी एकेका मोठ्या परिषदेकडे सारी कामे द्यावीत, असे सुचवले. सफोक कौंटीची मे २०२५ मध्ये व्हावयाची निवडणूक त्यापायी पुढे ढकलण्यात आली. २०२५ मध्येच कौंटीने संपूर्ण सफोकसाठी, म्हणजे साडेसात लाखांवर लोकसंख्येसाठी, एकच परिषद मागितली. डिस्ट्रिक्टांनी तीन मागितल्या. भारतात पंचायतींना ७३ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत स्थान मिळाले आहे. तेथे लिखित राज्यघटना नाही. पार्लमेंटने ठरवले की पन्नास वर्षांची परिषद एका तारखेला संपते. पॅरिशला मात्र या श्वेतपत्रिकेने हात लावलेला नाही.

पण पॅरिशचे दुखणे वेगळे आहे. डिस्ट्रिक्टबरोबर पॅरिशच्या निवडणुका होतात तेव्हा जागा जितक्या तितकेही अर्ज अनेक खेड्यांत येत नाहीत. आलेले सारे बिनविरोध निवडून येतात. आपल्याकडे बिनविरोध झालेली ग्रामपंचायत म्हणजे गावच्या एकोप्याची खूण, तिच्या सत्काराचे समारंभ होतात. तेथे मात्र याकडे कोणी उभेच राहिले नाही, म्हणूनच पाहिले जाते. आणि आपल्याही बिनविरोध गावांत कोठे एकोपा असतो आणि कोठे नुसते मौन, हे येथे बसलेल्या सरपंचांना अधिक ठाऊक. उरलेल्या जागा सदस्य आपल्या मताने स्वीकृत सदस्य घेऊन भरतात. त्यासाठी गावच्या सूचनाफलकावर, चर्चच्या कार्यक्रमाशेजारी, पॅरिशच्या चिटणीसाची सही असलेला एक कागद लावलेला असतो : सदस्याची जागा रिकामी आहे, इच्छुकांनी भेटावे.