एका नावाची तीन स्पेलिंगे

मागच्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी अमरावतीहून अकोल्याला मला भेटायला आला. म्हणाला, "सर, मानूस तं मी एकच हाव, पन कागदावर तीन झालो!"

त्याचे वडील वारले होते. त्यांचे पैसे मिळायचे होते, पण कचेरीत बापलेकाचे आडनाव जुळेना. आडनाव वानखडे. वडिलांच्या सेवापुस्तकात 'ख'च्या पुढे 'ए', मुलाच्या दहावीच्या प्रमाणपत्रात 'ई', आणि आधार कार्डावर तर सुरुवातीलाच डब्ल्यूऐवजी व्ही. तो 'ई' कुणी लिहिला होता? मीच! दहावीचे फॉर्म भरण्याच्या घाईत वर्गातल्या सगळ्या मुलांची नावे मी माझ्या कानाला पटतील तशी इंग्रजीत उतरवली होती. घरी कसे लिहितात, हे एकालाही विचारले नव्हते.

आपल्या वऱ्हाडाला हा घोळ नवा नाही. वऱ्हाडाचे इंग्रजांनी 'बेरार' केले, अचलपूरचे 'एलिचपूर'. अमरावती जुन्या कागदांत 'अमराओती' झाली, आणि इथल्या कापसाला व्यापारी 'ऊमरा' म्हणू लागले. आजही वर्धा, वाशीम, वरूड डब्ल्यूने लिहितो आणि विदर्भ मात्र व्हीने!

चिनी माणसांची तऱ्हा आणखी न्यारी. शाळेत आपण ज्याला ह्युएन त्संग म्हणून शिकलो, तो सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेला यात्रेकरू आता पुस्तकांत 'श्वेनझांग' म्हणून भेटतो. माओ त्से-तुंगचे माओ झेडाँग झाले. माणूस तोच, चिनी अक्षरेही तीच. बदलली ती रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत. चीनने १९५८ साली 'पिनयिन' ही पद्धत स्वीकारली आणि पुढे ती जगभर रुळली. शिवाय प्रांताप्रांताचा उच्चार निराळा. एकच आडनाव बीजिंगमध्ये चेन, हाँगकाँगमध्ये चॅन आणि सिंगापुरात अनेक घरी टॅन. आडनाव आधी लिहायची त्यांची रीत, म्हणून 'माओ' हे आडनाव, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथे ते 'के दिह्वा' झाले. कोटणीस नावाची चिनी अक्षरे घेऊन शेवटी 'ह्वा' जोडला; ह्वा म्हणजे चीन. १९४२ साली ते तिथेच वारले. चिनी लोक आजही त्यांना त्याच नावाने ओळखतात. नाव बदलले, पण ते आपुलकीने आणि त्यांच्या जाणतेपणी. माझ्या विद्यार्थ्याचे मी बदलले ते निष्काळजीपणाने.

मग मी त्याच्याबरोबर शाळेत गेलो. दाखल-खारीज रजिस्टर काढले. त्यात मराठीत स्वच्छ 'वानखडे' लिहिलेले. त्याचा उतारा, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, एवढे सगळे केल्यावर आठ महिन्यांनी पैसे हाती आले. तेवढ्यात त्याच्या मायने गळ्यातली पोत गहाण टाकली होती.

म्हणून आईबापांना सांगणे एवढेच. नावाचे एक स्पेलिंग घरात बसून ठरवा. जन्मदाखल्यावर, शाळेत, आधारवर, बँकेत तेच द्या. दहावीचा फॉर्म जाण्याआधी अक्षर न् अक्षर वाचा. आणि गुरुजींनो, मुलाचे नाव लिहिण्याआधी त्याला एकदा विचारा. मी विचारले नव्हते.