वाक्यात उपयोग करा
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



"तू तिकडे रिगात नेमकं करतोस काय?" असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो ना, तो इंग्रजीतून लात्व्हियन भाषेत नेणाऱ्या गटात मी आहे. शेवटचा हात तिथलीच मंडळी फिरवतात. इंग्रजी शब्दाचा कुठला अर्थ घ्यायचा, ते आधी पक्कं करणं माझ्याकडे.

लात्व्हियाची लोकसंख्या २० लाखांहून कमी, आपल्या पुण्यापेक्षाही लहान. पण २००४ पासून लात्व्हियन ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. औषधाचा कागद तिथल्या आजीला तिच्या भाषेत वाचता आला पाहिजे.

आता 'डिस्चार्ज' हा शब्द घ्या. पेशंटला डिस्चार्ज मिळतो, बॅटरी डिस्चार्ज होते आणि डोळ्यातून येणाऱ्या स्रावालाही इंग्रजीत डिस्चार्जच म्हणतात. लात्व्हियनमध्ये बॅटरीसाठी 'इझलादे', स्रावासाठी 'इझदलीयुमि' आणि घरी सोडण्यासाठी 'इझरक्स्तीत'. गंमत अशी, की औषध लिहून देण्यालाही 'इझरक्स्तीत'च म्हणतात! म्हणजे खड्डे दोन्ही बाजूंना. डोळ्याच्या थेंबांच्या कागदावर स्रावाऐवजी घरी सोडण्याचा शब्द पडला, तर डॉक्टरांना कधी गाठायचं, हे त्या आजीला कळणारच नाही.

'स्प्रिंग'चंही तसंच. ऋतू असेल तर 'पवसरिस', झरा असेल तर 'अवुओत्स', लोखंडी असेल तर 'अत्स्पेरे'. इंग्रजी 'नो' या क्रियापदाचेही तीन वाटे: माहीत असणं 'झिनात', माणूस ओळखणं 'पझीत' आणि पोहता येणं, स्वयंपाक येणं, यासाठी 'प्रस्त'. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, आपणही तिन्ही वेगळंच बोलतो. 'झिनात' तर आपल्या 'ज्ञाना'च्याच मुळाचा. इंग्रजी 'यू'ला तिथे 'तु' आणि आदरार्थी 'यूस' असे दोन शब्द आहेत. कागदावर आजीला अर्थातच 'यूस'!

आणि हो, 'झाले' म्हणजे तिथे गवत, शिवाय सभागृहसुद्धा. 'झालेस' म्हणजे औषध. त्यामुळे आमचं काम 'झाले' असं कधीच म्हणता येत नाही.

आता यंत्रं भराभर भाषांतर करतात आणि पूर्ण वाक्य असेल तर बरंच चांगलं करतात. अडतं ते तक्त्यात एकट्या पडलेल्या शब्दापाशी. तिथे यंत्रही अंदाज करतं आणि माणूसही. अशा वेळी आम्ही अंदाज करत नाही. मूळ लिहिणाऱ्यांना विचारतो, "हा शब्द कुठल्या वाक्यातला?" उत्तर येईपर्यंत ती ओळ कोरी राहते. घाई असली तरी राहते.

ही शिस्त मी रिगात शिकलो नाही. आपल्या मराठीच्या बाई नुसता शब्दार्थ लिहिला की अर्धाच गुण द्यायच्या. उरलेला अर्धा 'वाक्यात उपयोग करा' याचा. तेव्हा तो अर्धा गुण फार जड वाटायचा. आज माझी सगळी नोकरी त्या अर्ध्या गुणावर चालली आहे.