बोटीची बॅटरी उतरते तेव्हा

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशोबाच्या वहीबद्दल बोललो. आज जरा जड वस्तू घेऊ या, बॅटरी. ज्या गटांनी आमच्यासारखी पर्यटकांना फिरवायला बोट घेतली आहे, किंवा ज्यांच्या घरी मासेमारीची होडी आहे, त्यांना हे आज ना उद्या लागणारच. बाकीच्यांनीही ऐका. टेम्पो आणि ट्रॅक्टरची बॅटरीही याच नियमाने चालते.

आमची बोट कर्लीच्या खाडीत चालते. ही नदी देवबागला समुद्राला मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी लागली की पाणी मुखाकडे जोरात ओढतं. अशा वेळी इंजिन बंद पडलं आणि सेल मारल्यावर नुसतं टकटक वाजलं, तर बॅटरीला हात लावण्याआधी नांगर टाकायचा. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातलंय ना ते बघायचं, पाहुण्यांना खाली बसवायचं, मग इंजिनाकडे वळायचं. गेल्या हंगामात आमच्यावर ही वेळ आली. बोटीत आठ पाहुणे, त्यात दोन लहान मुलं. नांगरानं तळ धरला, म्हणून विचार करायला उसंत मिळाली. शेजारून जाणाऱ्या बोटीवरचा तांडेल म्हणाला, "बायांनो, हात लावू नका, मी कोणाला तरी पाठवतो." तो कोणीतरी येईपर्यंत ओहोटी थांबणार होती थोडीच! आम्ही त्याला म्हटलं, दादा, माणूस नको, तुमची बॅटरी द्या.

आता बॅटऱ्या जोडायच्या कशा? पाण्याच्या दोन टाक्या डोळ्यांपुढे आणा. टाक्या शेजारी शेजारी ठेवून नळीने जोडल्या, तर पाण्याची उंची तेवढीच राहते, साठा मात्र दुप्पट होतो. बॅटरीचा प्लस प्लसला आणि मायनस मायनसला जोडला की असंच होतं. 12 व्होल्ट 12च राहतात, ताकद वाढते. टाकीवर टाकी चढवली तर पाण्याचा दाब वाढतो. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडला तर 12 आणि 12 मिळून 24 व्होल्ट होतात. काही मोठ्या डिझेल इंजिनांना 24 लागतात, पण आपल्या 12च्या इंजिनाला ते दिले तर सेल आणि वायरिंग जळतं. म्हणून आधी दोन्ही बॅटऱ्यांवरचा आकडा वाचायचा. आमच्यात एक काकी आहेत, शाळेत चौथीपर्यंतच गेल्या. त्या आकडा मोठ्याने वाचल्याशिवाय कोणाला चिमटा लावू देत नाहीत. हे आम्हाला फार आवडतं.

जोडण्याआधी आणखी एक. हातातल्या सोन्याच्या, धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घ्या, पदर खोचा. प्लस आणि मायनसच्या मध्ये धातू आला तर तो क्षणात लाल होतो, बोट भाजतं. पान्याचंही तेच. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. म्हणून इंजिनावरचं झाकण उघडून थोडा वेळ वारा लागू द्या. बिडी-काडी लांब ठेवा. पेट्रोलचा वास येत असेल तर जोडूच नका.

मग टर्मिनल हलवून बघा. पुष्कळदा बॅटरी चांगली असते, क्लॅम्प ढिला असतो किंवा त्यावर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असते. खारी हवा आहे आपली. आवळून, घासून इंजिन लागलं, तर पुढची खटपट वाचली.

नाहीच लागलं तर सगळी बटणं बंद करा. लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला. तिचं शेवटचं टोक बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. ठिणगी उडते ती या शेवटच्या टोकाला, म्हणून ते वायूजवळ नको. दुसरी मदतीची बॅटरी असेल तर तीही अशीच, प्लसला प्लस. दोनचार मिनिटं थांबा, मग सेल मारा. दहा सेकंदांच्या वर मारू नका. नाही लागलं तर दोन मिनिटं सेल थंड होऊ द्या. इंजिन लागल्यावर केबली उलट्या क्रमाने काढा. उतरलेली बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर तिला जोडू नका. इंजिनाच्या वायरी तिच्यावरून काढून थेट चांगल्या बॅटरीला लावा.

त्या दिवशी इंजिन दुसऱ्या खेपेला लागलं. पाहुण्यांतल्या एका आजींनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर गटाच्या बैठकीत दुसरी बॅटरी घ्यायची की नाही यावर बरीच वादावादी झाली. काहींचं म्हणणं, कर्जाचा हप्ता आधी. खरं होतं ते. पण बोटीवरचे दिवे, गाण्याचा स्पीकर, पाहुण्यांचे मोबाइल हे सगळं इंजिनाच्याच बॅटरीवर चालत होतं. शेवटी गटाने दुसरी बॅटरी घेतली, मधे निवडीचा स्विच बसवला. त्यावर एक, दोन, दोन्ही आणि बंद अशा खुणा असतात. रोजचा खर्च दोन नंबरवर, एक नंबर फक्त सेल मारायला. 'दोन्ही'वर कायम ठेवत नाही, कारण जुनी दुबळी बॅटरी नवीचीही ताकद ओढून घेते. आणि इंजिन चालू असताना स्विच 'बंद'वर कधीच नेत नाही, त्याने अल्टरनेटर जळतो.

मीटर स्वस्त मिळतो, तो गटाकडे हवाच. बोट काही तास उभी असताना 12.6च्या आसपास व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली. 12 दिसले तर उतरत आलेली. इंजिन चालू असताना 14च्या जवळपास दिसायला हवेत. तेवढे नसतील तर चार्जिंगच होत नाही, मिस्त्रीला बोलवा. आणि जंप देऊन लागलेलं इंजिन अर्धा तास चाललं म्हणजे बॅटरी भरली असं नाही. धक्क्यावर आल्यावर ती रात्रभर चार्जरला लावावी लागते.

पावसाळ्यात बोट वर ओढली की बॅटरी काढून घरी कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. केबली घेताना करंगळीएवढ्या तरी जाड, तांब्याच्या घ्या. बारीक वायर सेलचा भार घेत नाही, तापते. आमच्या केबली बोटीतच, नांगराच्या दोरीशेजारच्या डब्यात असतात. डब्याची किल्ली नाही.